थेरगावला पवनेचा काठ साफ करायचाय, सुरुवात कुठून करू?

थेरगावकर

नमस्कार मंडळी. मी थेरगावात राहतो, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. लहानपणी आजीबरोबर चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात जायचो. दर्शन झालं की घाटावर पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि बारके मासे पायाला टोचायचे. एप्रिलमध्ये माझ्या सात वर्षांच्या लेकीला तिथेच घेऊन गेलो. नदी जलपर्णीने इतकी गच्च भरली होती की ती म्हणाली, "बाबा, या मैदानावर खेळायला जाऊ या का?" तिला पाणी आहे हे कळलंच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमची आणि शेजारची सोसायटी मिळून बावीस जण तयार झाले. एका रविवारी सकाळी तीन तास काम केलं, चाळीस गोण्या भरल्या, फोटो काढले, सगळे खूष. मग गोण्या उचलायला गाडीच आली नाही. चार दिवस त्या काठावर पडून राहिल्या, कुत्र्यांनी फाडल्या, आणि इथे कचरा टाकतात असं समजून लोकांनी तिथेच आणखी पिशव्या आणून टाकल्या. पंधरा दिवसांनी वळवाचा पाऊस झाला आणि वरून नवीन कचरा वाहून आला. जागा आधीपेक्षा वाईट दिसायला लागली. दुसऱ्या खेपेला नऊच जण आले.

आता एका कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने सांगितलंय की ते एक दिवस जेसीबी देतील, काठ सपाट करून देतील आणि २०० रोपं लावून देतील. बाकीचे म्हणतात, घेऊन टाकू. मला मनातून खात्री वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. ज्यांनी हे काम बरीच वर्षं केलंय त्यांनी कृपया सांगा: गोण्यांचं काय करायचं, जलपर्णी आपण काढावी का, आणि जेसीबी घ्यावा का?

मुठाकाठ

थेरगावकर, जेसीबीला आधी नाही म्हणा. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे पाऊस सुरू व्हायच्या आत कळवून टाका.

आम्ही सिंहगड रस्त्यावरचे, विठ्ठलवाडीच्या मंदिराजवळचे. मी बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षीपासून दर शनिवारी मुठेच्या काठावर असते, आता सहा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी आम्हीही अशीच मदत घेतली होती. सकाळी आठला यंत्र आलं आणि दुपारी एकपर्यंत काठ अंगणासारखा सपाट. घाणेरी, सुबाबूळ, एरंड निघाले याचा मलाही आनंद झाला होता. पण त्याच फाळाखाली तीन जुने वाळुंज गेले, खडकातली शेरणीची झुडपं गेली, लव्हाळा मुळासकट गेला. त्या जागी रांगेत गुलमोहोर आणि बहावा लावले, प्रत्येकाला बांबूचा आधार, वर पाटी. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं. पूर उतरल्यावर गेलो तर रोपं नाहीत, बांबू नाहीत, पाटी नाही, आणि काठाचा सहा-सात फुटांचा पट्टा खचून नदीत गेलेला. थोडं पुढे मोठा खडक आडवा होता म्हणून यंत्र पोचलं नव्हतं. तिथले वाळुंज पुरात पार आडवे झाले होते, फांद्यांना गाळ आणि चिंध्या लटकत होत्या. महिन्याभरात ते परत उभे राहिले, आणि त्यांच्या मुळांनी धरलेली माती जागच्या जागी होती. ते तीन वाळुंज मला अजून आठवतात. त्या सकाळी चहा घेऊन यंत्राच्या माणसांकडे गेलेली मीच होते.

वाळुंज, शेरणी, लव्हाळा, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. ही आपल्या नद्यांच्या काठची माणसं आहेत. पुरात वाकायचं कसं, मुळं पाण्याखाली असताना तगायचं कसं, हे त्यांना ठाऊक असतं. गुलमोहोर बिचारा रस्त्याच्या कडेला शोभतो. नदीकाठ म्हणजे बाग नव्हे. वाळुंजाला तर रोपवाटिकेचीही गरज नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचा हातभर फाटा तोडून ओल्या मातीत निम्मा खोचला की मूळ धरतो. आम्ही गेल्या तीन वर्षांत लावलेले सगळे वाळुंज असेच, जुन्या झाडांच्या फाट्यांपासून केलेले.

आता सुरुवातीबद्दल. तुम्ही पहिल्याच दिवशी चाळीस गोण्या भरल्यात, म्हणजे हात कामाचे आहेत. पण माझं ऐकाल तर पुढचे चार रविवार एकही गोणी भरू नका. नुसते चाला. दोन्ही काठांनी, वही घेऊन. नाला कुठे मिळतो, कुठल्या पाइपातून काय येतं, पाण्याचा रंग सकाळी काय आणि संध्याकाळी काय, गाडी काठापर्यंत कुठून उतरू शकते, काठावर कोण येतं, सगळं लिहा. म्हशी धुणारे, कपडे धुणाऱ्या बायका, क्रिकेट खेळणारी पोरं यांच्याशी बोला. आम्हाला राडारोड्याचे डंपर रात्री कुठल्या बोळातून येतात हे एका गोठेवाल्या दादांनी सांगितलं. तिथे चार मोठे दगड रोवून घेतले आणि डंपर यायचे थांबले. दोन वर्षं आम्ही राडारोडा उचलत होतो, आणि उपाय होता चार दगडांचा.

चालल्यावर कळतं की सगळा कचरा एका वाटेने येत नाही. पुलावरून येतो तो वेगळा, गाडीने येतो तो वेगळा, पाण्याबरोबर येतो तो वेगळा. पुलावरून येणारा बहुतेक निर्माल्य असतो. टाकणारी माणसं वाईट नसतात हो. देवाची फुलं घरच्या कचऱ्यात टाकायला जीव धजत नाही म्हणून ती नदीवर येतात. आम्ही गणपतीच्या दहा दिवसांत पुलावर उभे राहतो आणि एवढंच म्हणतो, "आजी, फुलं आमच्याकडे द्या, खत करतो, पिशवी परत घेऊन जा." शंभरात चार-पाच जण नाही म्हणतात, बाकीचे हात जोडून देतात. पीओपीच्या मूर्ती घरीच अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवता येतात. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत काढली आहे. उरलेलं पाणी खताचं असतं. हेही आम्ही तिथेच समजावून सांगतो.

पाण्याबरोबर येणारा कचरा मात्र जिद्द पाहतो. त्यातही कपडा. प्लास्टिक दिसतं आणि निघतं, कपडा मुळांत जातो. एकदा करंजाच्या मुळाशी जांभळ्या काठाचं एक टोक दिसलं. ओढलं तर येईना. दंताळ्याने गाळ बाजूला केला, खाली अख्खी साडी, मुळांभोवती चार-पाच वेढे घेऊन बसलेली आणि वर दोन पुरांचा गाळ. ओढली असती तर मूळ तुटलं असतं. तिघींनी बसून विळ्याने वीत वीत कापत ती काढली, पाऊण तास लागला. जिथे वेढा होता तिथे मुळावर बांगडीसारखे पांढरे वळ उठले होते. त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या मिळून दोनच गोण्या भरल्या आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. गोण्या मोजायचं सोडा. कुठलं झाड मोकळं झालं ते लिहा.

गोण्यांचं गणित साधं आहे. आधी गाडी ठरवायची, मग गोणी भरायची. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या भागाच्या मुकादमांना प्रत्यक्ष भेटा, काम कुठे चालतं ते दाखवा, आणि त्यांची गाडी जिथपर्यंत येते तिथपर्यंत गोण्या आपण वाहून न्या. आम्ही रविवार सोडून शनिवार धरला, कारण रविवारी माणसं कमी असतात. गाडीत वीस गोण्या मावत असतील तर एकविसावी भरायची नाही. सुकं प्लास्टिक वेगळं काढलं तर कचरावेचक ताई घेऊन जातात, पण गाळ झटकून द्या. ओला कपडा एका गोणीत अर्ध्यावर भरला तरी दोघांना उचलत नाही, म्हणून त्याच्या गोण्या अर्ध्याच ठेवा.

जलपर्णी. ती नदीची आजारी खूण आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन ती वाढते, म्हणून सांडपाणी चालू असेपर्यंत ती येत राहणार. तरी काढू नये असं मी म्हणणार नाही, कारण तिच्या चादरीखाली उजेड जात नाही आणि डास माजतात. पण वरच्या अंगाने काढत खाली या, नाहीतर तुमची मोकळी केलेली जागा रात्रीत भरते. फुलं यायच्या आत काढा, बी गाळात पडलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि काढलेली काठावर ठेवू नका, पुरात परत जाते. बावीस माणसांचं हे काम नाही. त्यासाठी महापालिकेच्या मागे लागा, आणि काढायला आले की काढलेली कुठे नेतात ते पाहायला जा.

हे सगळं करून पाणी साफ होतं का? नाही. मुठेत उन्हाळ्यात धरणाखाली जे वाहतं ते बहुतांशी आपल्याच मोऱ्यांचं पाणी. लोक मला पंजाबातल्या काली बेईन नदीचं उदाहरण देतात. संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० साली कारसेवेने ते काम सुरू केलं, १६० किलोमीटरची नदी. मी ते मनापासून मानते. पण तिथे नुसता गाळ आणि जलपर्णी काढली नाही. काठच्या गावांचं सांडपाणी वळवलं, तळ्यांत घेतलं, शेतीला दिलं. म्हणून ते टिकलं. आपल्या वहीतल्या नाल्यांचा नकाशा यासाठीच हवा. तारखेसह फोटो, कुठल्या चेंबरमधून गळतं, किती दिवस, असं लेखी द्यायचं. आमच्या एका ओढ्यात फुटलेल्या चेंबरचं पाणी येत होतं. अकरा पत्रं आणि आठ महिने लागले, पण ते दुरुस्त झालं.

त्या ओढ्याच्या तोंडाशीच, राडारोड्याचा ढीग हलवल्यावर, आम्हाला झरा सापडला. आधी वाटलं तेही गटारच असणार. खडकाच्या भेगेतून करंगळीएवढी धार, हात लावला तर गार. वास नाही. आमच्यातल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्राणवायू तपासायच्या दोन बाटल्या भरल्या, एक नदीची, एक झऱ्याची. त्यात रसायन घातलं की प्राणवायू असेल तर तपकिरी साका होतो, नसेल तर पांढराच राहतो. नदीच्या बाटलीत पांढरं दूध फाटल्यासारखं झालं. झऱ्याची बाटली बघता बघता चहासारखी तपकिरी. आम्ही सात जण भर उन्हात त्या दोन बाटल्यांकडे बघत बसलो होतो. आता त्या झऱ्याखाली परातीएवढं डबकं आहे, त्यात मासे आहेत, वर टाचण्या आणि चतुर हे उडते कीटक बसतात, आणि रोज सकाळी एक धीवर पक्षी येतो. जेसीबीने तो भाग सपाट केला असता तर झरा कायमचा मातीखाली गेला असता. तुमच्या काठालाही झरे असतील. जुन्या माणसांना विचारा, प्यायचं पाणी कुठून आणायचे.

नऊ जण आले म्हणून खचू नका. आम्ही चाळीसचे नऊ झालो आणि त्या नऊवर सहा वर्षं चाललंय.

डॉक्टर_वाकडकर

ताईंनी कामाचं सगळं सांगितलंय, मी फक्त तब्येतीचं सांगतो. पावसाळ्यात अशा काठावर उंदीर-घुशींच्या मुत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला, हाताला जखम किंवा भेग असेल त्याने त्या दिवशी चिखलात उतरू नये, काठावर गोण्या बांधाव्यात. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे हवेतच, पातळ वैद्यकीय मोजे लगेच फाटतात. सगळ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते आधी विचारा. इंजेक्शनच्या सुया सापडतात, त्या हाताने उचलायच्या नाहीत. लांब चिमटा आणि झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा सोबत ठेवा. कामानंतर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना नदीत काम केल्याचं आपणहून सांगा. हे न सांगितल्यामुळे निदान लांबलेला पेशंट मी पाहिला आहे. लेकीला न्यायचं असेल तर वही घेऊन काठाच्या वरच्या वाटेने, खाली नको.

भिगवणचा_भोई

दादा, मी तुमच्या खालच्या अंगाचा. तुमची पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा संगमावर मुठेला मिळते, ती मुळामुठा रांजणगाव सांडसला भीमेत येते आणि भीमा आमच्या उजनीत. म्हणजे थेरगावच्या पुलावरून सुटलेलं सगळं आमच्या जाळ्यात येतं.

माझे आजोबा नदीत मासे धरायचे, धरण झाल्यावर वडील जलाशयात धरायला लागले, आता मी. आजोबांच्या तोंडी वांब, मरळ, आहेर यांची नावं असायची. माझ्या जाळ्यात चिलापीच जास्त. ती घाण पाण्यात तगते, म्हणून तीच उरली. पावसाळ्यात पहिलं पाणी आलं की जाळं ओढताना जड लागतं, आशेने वर घ्यावं तर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि जलपर्णीचे गड्डे. जाळं साफ करायला माझ्या बायकोला आणि आईला दुपार पुरत नाही. फाटलं तर ते वेगळं. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला पुण्याची माणसं येतात, मी त्यांना होडीतून नेतो. पाण्याला हिरवी साय का, वास का, म्हणून विचारतात. मी सांगतो, पाणी तुमच्याकडूनच आलंय. सोलापूरची माणसं हेच पाणी पितात.

मी राग म्हणून लिहीत नाही. तुम्ही दोन गोण्या जरी तिथे अडवल्या तरी त्या माझ्या जाळ्यात येणार नाहीत. एक मागणं आहे. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, तो नखाएवढा तुकडा, तो उचलायचा कंटाळा करू नका. मोठी पिशवी जाळ्यातून हाताने काढता येते. तो तुकडा माशाच्या पोटात सापडतो.

थेरगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भिगवणच्या दादांची पोस्ट मी काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

जेसीबीला नाही कळवलं. ते थोडे नाराज झाले, पण रोपांऐवजी गमबूट आणि हातमोजे द्याल का विचारलं तर हो म्हणाले.

आज पहिल्यांदा नुसते चाललो, आठ जण आणि माझी मुलगी, वरच्या वाटेने. दीड किलोमीटरला तीन तास लागले. पाच पाइप सापडले, त्यातल्या दोनांतून पाणी चालू होतं, एकाचं पाणी फेसाळ. गाडी काठापर्यंत उतरते अशा जागा तीन. धुणं धुणाऱ्या एका आजींना झऱ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा उंबराखालच्या हौदातून पाणी भरायचो. उंबर अजून आहे, त्याच्याभोवती बांधकामाची माती आणि फुटक्या फरश्यांचा माणूसभर ढीग आहे. ताई, एक विचारायचं होतं. हा ढीग हाताने हलवायचा का? आणि वाळुंज ओळखायचा कसा? आम्हाला कोणालाच ओळखता आला नाही.

मुठाकाठ

हातानेच, घमेल्यांनी, वरून खाली. पहार मारू नका, उंबराची मुळं ढिगात शिरलेली असतील. फरश्या अख्ख्या निघाल्या तर बाजूला रचा, उतारावर पायऱ्यांना उपयोगी पडतात. पाऊस सुरू व्हायच्या आत फक्त उंबराच्या वरच्या अंगाचा भाग मोकळा करा, सगळा ढीग हलवायचा हट्ट नको. अर्धवट सैल केलेला ढीग पुरात वाहून जाईल आणि पुन्हा भिगवणला जाईल.

वाळुंजाचं पान लांबट, टोकदार, वरून हिरवं आणि खालून पांढुरकं. वाऱ्यावर झाड हललं की चंदेरी दिसतं. जुन्या खोडाची साल खडबडीत, उभ्या भेगांची. येत्या शनिवारी काम आटोपून मी दहापर्यंत थेरगावला येते, दोन फाटे बरोबर आणते. ओल्या गोणपाटात गुंडाळले की टिकतात. उंबरापाशी भेटू. आणि त्या आजींना थांबायला सांगा, हौद नेमका कुठे होता ते त्यांनीच बोटाने दाखवायला हवं.

थेरगावकर

सांगितलं. त्या म्हणाल्या, साडेनऊलाच येऊन बसते, उन्हाच्या आत.